दोन सफरींमधील फेरपालटाचा दिवस : फर्दापूरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

सागरी पर्यटनात एक सफर संपून त्याच जहाजावर दुसरी सफर सुरू होण्याच्या दिवसाला ‘टर्नअराऊंड डे’ म्हणजेच फेरपालटाचा दिवस असे म्हटले जाते. या संकल्पनेचा उपयोग करून अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूर या गावाचे प्रवासव्यवस्थेतील स्थान प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्यात आले आहे. जळगावकडून येणारा आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा असे दोन प्रवास फर्दापूर येथे एकमेकांना मिळतात. हा दिवस म्हणजे दोन प्रवासांमधील रिकामी जागा नसून त्याला स्वतःचे नियम, स्वतःचा क्रम आणि स्वतःचा इतिहास आहे, हे दाखविणे हा लेखाचा हेतू आहे. महाविद्यालयीन शैक्षणिक सहलींचे नियोजन करणाऱ्या प्राध्यापकांना उपयुक्त ठरतील अशा बाबींचा विचारही येथे केला आहे.

बीजसंज्ञा : फेरपालट, सागरी सफर, फर्दापूर, अजिंठा, वाहनबदल, शैक्षणिक सहल, वारसा संवर्धन.

१. प्रस्तावना

पर्यटनाचा अभ्यास करताना सामान्यतः ‘स्थळ’ आणि ‘मार्ग’ या दोन घटकांवर भर दिला जातो. स्थळाचे महत्त्व इतिहास, कला व भूगोल यांच्या आधारे सांगितले जाते आणि मार्गाचा विचार अंतर, वेळ व खर्च यांच्या आधारे होतो. परंतु प्रत्येक मोठ्या प्रवासात एक तिसरा घटकही असतो. एक प्रवास जेथे संपतो आणि दुसरा जेथे सुरू होतो तो सांधा, हाच तो घटक होय. या सांध्यावर प्रवासी वाहन बदलतो, सामान हलवतो, पुन्हा तिकीट काढतो, पुन्हा मोजला जातो आणि बऱ्याचदा थांबून राहतो. नियोजनाच्या कागदावर या वेळेची नोंद ‘आगमन’ आणि ‘प्रस्थान’ या दोन शब्दांत होते. प्रत्यक्षात मात्र सहलीतील बहुतेक गोंधळ, थकवा व निराशा याच वेळेत उद्‌भवते.

महाराष्ट्रातील शेकडो महाविद्यालयांच्या सहली दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत अजिंठा व वेरूळ येथे जातात. या सहलींपैकी पुष्कळशा सहलींचा सांधा फर्दापूर येथे असतो. तरीही सहलीच्या अहवालात फर्दापूरचे नाव क्वचितच आढळते. ‘सकाळी अजिंठा पाहून दुपारी संभाजीनगरकडे प्रयाण’ अशा एका ओळीत ते लुप्त होते. फर्दापूर येथे नेमके काय घडते, ते तसे का घडते आणि येणाऱ्याने काय अपेक्षित धरावे, या तीन प्रश्नांची उत्तरे येथे क्रमाने मांडली आहेत.

२. फेरपालटाच्या दिवसाची संकल्पना

फेरपालट ही संकल्पना सर्वांत स्पष्ट स्वरूपात सागरी सफरींमध्ये पाहावयास मिळते. प्रवासी जहाज एखाद्या बंदरात दोन कारणांनी येते. पहिले कारण म्हणजे वाटेतील भेट. प्रवासी काही तास शहर पाहून जहाजावर परत येतात आणि जहाज पुढे निघते. दुसरे कारण म्हणजे फेरपालट. पहाटे जहाज धक्क्याला लागते, जुने प्रवासी उतरतात, दुपारपासून नवे प्रवासी चढू लागतात आणि संध्याकाळी तेच जहाज नव्या सफरीवर निघते. वाटेतील भेटीच्या बंदरापेक्षा फेरपालटाच्या बंदराला अधिक सुविधा लागतात. सामानाची तपासणी, पारपत्र तपासणी, प्रतीक्षागृह, वाहनतळ, इंधन व अन्नधान्याचा पुरवठा, कचऱ्याची विल्हेवाट या सर्व व्यवस्था तेथे एकाच दिवशी चालवाव्या लागतात.

मुंबई बंदराला या दोन्ही भूमिकांचा अनुभव आहे. परदेशी जहाजे दीर्घकाळ येथे वाटेतील भेटीसाठी येत असत. २०१६ च्या अखेरीस कोस्टा कंपनीच्या जहाजाने मुंबईहून मालदीवकडे जाणाऱ्या सफरी सुरू केल्या. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे जहाज मुंबईहून गोवा व अन्य ठिकाणी जाऊ लागले. केंद्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा केली, तर सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. या घडामोडींमुळे फेरपालटाचा दिवस हा महाराष्ट्राच्या पर्यटनातील प्रत्यक्ष व्यवहाराचा विषय झाला आहे.

या दिवशी जहाजावरील बहुसंख्य प्रवासी दोन गटांत मोडतात : उतरणारे आणि चढणारे. परंतु एक लहान तिसरा गट असतो. या गटातील प्रवाशांनी लागोपाठच्या दोन्ही सफरींची नोंदणी केलेली असते. त्यांना संक्रमण प्रवासी असे म्हणता येईल. त्यांच्या वाट्याला येणारा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. आदल्या रात्री पहिल्या सफरीचे बिल बंद होते. खोली तीच राहणार असेल तर सामान जागेवर राहते आणि खोली बदलणार असेल तर ते बांधून ठेवावे लागते. सकाळी या प्रवाशांना एका ठिकाणी जमवून नवी ओळखपत्रे दिली जातात. अनेक बंदरांत त्यांनाही काही वेळ जहाजाबाहेर यावे लागते, कारण तपासणी अधिकाऱ्यांना जहाज पूर्ण रिकामे झाल्याची खात्री करावयाची असते. नंतर इतरांच्या आधी त्यांना पुन्हा वर घेतले जाते. मधल्या काही तासांत जहाज जवळजवळ निर्मनुष्य असते. चादरी बदलल्या जातात, सभागृहे धुतली जातात, भोजनकक्ष बंद असतात किंवा मर्यादित चालतात.

संध्याकाळी सुरक्षेची कवायत होते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया या जहाजाच्या अपघातात ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत व्हावयाची होती. या अनुभवानंतर नियमात बदल होऊन १ जानेवारी २०१५ पासून नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत प्रस्थानापूर्वी किंवा प्रस्थानाच्या वेळीच घेणे बंधनकारक झाले. अनेक कंपन्या संक्रमण प्रवाशांनाही ही कवायत पुन्हा करावयास सांगतात. आठवडाभर त्याच जहाजावर राहिलेल्या प्रवाशाला ही पुनरावृत्ती निरर्थक वाटू शकते. व्यवस्थेच्या दृष्टीने मात्र नवी सफर म्हणजे नवी यादी, नवी मोजणी आणि नवी जबाबदारी असते.

यावरून फेरपालटाच्या दिवसाची तीन वैशिष्ट्ये सांगता येतात. पहिले, या दिवशी प्रवाशाची सोय दुय्यम आणि व्यवस्थेची गरज प्राथमिक असते. दुसरे, या दिवसाचा क्रम उलटसुलट करता येत नाही. तिसरे, या दिवसाची गैरसोय ही पुढील सफर सुरक्षित व स्वच्छ राहावी यासाठी मोजलेली किंमत असते. ही तिन्ही वैशिष्ट्ये समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या फर्दापूर येथेही आढळतात.

३. फर्दापूरचे भौगोलिक व ऐतिहासिक स्थान

फर्दापूर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यातील गाव आहे. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा असून त्यावर सिल्लोड तालुक्यातील अजिंठा हे गाव आहे. उत्तरेकडे खानदेशचा सखल प्रदेश पसरलेला आहे. पठारावरून घाट उतरून खानदेशात शिरणारा मार्ग जेथे सपाटीला लागतो तेथे फर्दापूर वसले आहे. लेण्यांच्या दरीतून वाहणारी वाघूर नदी याच दिशेने उतरून पुढे तापीला मिळते. म्हणजेच फर्दापूर हे मराठवाडा व खानदेश या दोन प्रदेशांच्या सीमेवरील घाटपायथ्याचे गाव आहे. जळगाव येथून ते सुमारे ५५ किलोमीटर, तर छत्रपती संभाजीनगर येथून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे.

घाटपायथ्याच्या गावांना वाहतुकीच्या इतिहासात विशेष महत्त्व असते. यांत्रिक वाहने येण्यापूर्वी घाट चढण्यापूर्वी जनावरांना विसावा देणे, ओझी पुन्हा बांधणे, सोबत मिळवणे आणि रात्र काढणे आवश्यक होते. बुऱ्हाणपूर व औरंगाबाद ही मुघलांची दख्खनमधील दोन प्रमुख ठाणी होती आणि त्यांना जोडणारा मार्ग अजिंठ्याच्या घाटातून जात असे. या मार्गावर फर्दापूर येथे मुघल काळात सराई उभारण्यात आली. सराई म्हणजे केवळ निवारा नव्हे. एक मजल संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी माणसे, जनावरे व माल यांची पुन्हा जुळवाजुळव करण्याचे ते ठिकाण होय. आजच्या भाषेत सांगावयाचे तर सराई ही फेरपालटाचीच वास्तू होती.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने लेण्यांचे दर्शन झाले आणि अजिंठा बाहेरच्या जगाला ज्ञात झाला. त्यानंतर फर्दापूरकडे येणाऱ्यांचे स्वरूप बदलले. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात हे काम केले. विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत चित्रांच्या नकला करवून घेतल्या. नंदलाल बोस व असितकुमार हलदार हे तरुण कलावंत त्यांच्या सोबत होते आणि त्यांचा मुक्काम फर्दापूरच्या तळावर असे. लेणी दिवसा आणि फर्दापूर रात्री, असा त्या काळातील अभ्यासकांचा दिनक्रम होता. फर्दापूर हे त्यांच्यासाठी निघून जाण्याचे नव्हे, तर मुक्कामाचे गाव होते.

लोहमार्ग खानदेशात आल्यानंतर जळगाव हे अजिंठ्याचे रेल्वेद्वार ठरले आणि औरंगाबाद हे वेरूळ, दौलताबाद यांच्यासह दुसरे द्वार ठरले. मोटारी व बसगाड्या वाढल्यावर दोन्ही द्वारांमधील अंतर एका दिवसात सहज कापता येऊ लागले. परिणामी मुक्काम गेला आणि फेरपालट तेवढा उरला.

४. टी-जंक्शनवरील वाहनबदल : कारण व कार्यपद्धती

महामार्गावरून लेण्यांकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो त्या ठिकाणाला ‘फर्दापूर टी-जंक्शन’ या नावाने ओळखले जाते. येथून लेणी सुमारे ४ किलोमीटर अंतरावर आहेत. पूर्वी खासगी वाहने थेट लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जात असत आणि दुकानेही तेथेच होती. जपानच्या अर्थसाहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याच्या पहिल्या टप्प्याचा करार १९९२ साली आणि दुसऱ्या टप्प्याचा २००३ साली झाला. या काळात वाहनतळ व दुकाने टी-जंक्शनजवळ हलविण्यात आली. तेव्हापासून खासगी वाहन येथे ठेवून राज्य परिवहन महामंडळाच्या बसने लेण्यांकडे जाण्याची पद्धत रूढ झाली.

ही पद्धत अनेकांना जाचक वाटते. ‘आपली गाडी असताना पुन्हा रांगेत उभे राहून बसचे तिकीट का काढावे?’ हा प्रश्न प्रत्येक सहलीत विचारला जातो. त्याचे उत्तर चित्रांच्या रचनेत आहे. अजिंठ्याची चित्रे थेट खडकावर रंगविलेली नाहीत. बेसाल्ट खडकाच्या खडबडीत भिंतीवर माती, वनस्पतींचे तंतू, भाताचा तूस इत्यादींच्या मिश्रणाचा लेप देऊन, त्यावर चुन्याचा पातळ थर देण्यात आला आणि तो सुकल्यावर रंगकाम झाले. म्हणजे चित्र आणि खडक यांच्यामध्ये एक सेंद्रिय, भुसभुशीत थर आहे. ओलावा वाढला की तो फुगतो, कमी झाला की आकसतो. कीटक व बुरशी त्यातील तंतूंवर वाढतात. धूळ व धूर पृष्ठभागावर बसतात. बंद गुहेत दाटीने उभ्या राहिलेल्या माणसांच्या श्वासाने उष्णता व दमटपणा वाढतो. या सर्व घटकांपैकी वाहनांचा धूर व धूळ हा घटक लेण्यांपासून दूर ठेवणे सर्वांत सोपे होते आणि ४ किलोमीटरचा वाहनबदल हा त्यावरील उपाय आहे.

जहाज आणि लेणी यांच्यातील महत्त्वाचा फरक येथे लक्षात घेतला पाहिजे. जहाज प्रत्येक सफरीनंतर रिकामे करून धुता येते, त्याच्या चादरी बदलता येतात, गालिचा जुना झाला तर नवा घालता येतो. भिंतीवरील लेप गळून पडला तर तो मूळ स्वरूपात परत लावता येत नाही. प्रतिकृतींवरही विसंबता येत नाही, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. गिल यांच्या बहुतांश प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रतिकृतींचेही १८८५ साली लंडनमधीलच आगीत नुकसान झाले. गेल्या दोनशे वर्षांत मूळ चित्रांचाही काही भाग नाहीसा झाला. जे उरले आहे त्याला दुसरी आवृत्ती नाही. म्हणूनच लेण्यांच्या बाबतीत फेरपालटाची शिस्त जहाजापेक्षा अधिक कडक असणे योग्य ठरते.

५. दिवसाचा क्रम : काय अपेक्षित धरावे

शैक्षणिक सहलीच्या दृष्टीने फर्दापूरच्या दिवसाचे पुढील घटक विचारात घ्यावे लागतात.

(अ) वार. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. ही माहिती सर्वांना असते, परंतु तिचा सहलीच्या दिशेशी असलेला संबंध सहसा तपासला जात नाही. जळगावकडून येणारी सहल पहिल्या दिवशी अजिंठा व दुसऱ्या दिवशी वेरूळ पाहते. या क्रमात सोमवार हा एकच वार घातक आहे, मात्र तो दुहेरी घातक आहे. सोमवारी पोहोचणाऱ्या सहलीला अजिंठा बंद मिळतो आणि मंगळवारी वेरूळही बंद मिळते. रविवारी रात्रीच्या गाडीने निघून सोमवारी सकाळी जळगावला उतरणे अनेक महाविद्यालयांना सोयीचे वाटते, म्हणून ही चूक होण्याचा संभव अधिक असतो. उलट दिशेने, म्हणजे आधी वेरूळ व नंतर अजिंठा अशा क्रमात, रविवार व मंगळवार हे दोन वार अडचणीचे ठरतात. रविवारी आरंभ केल्यास दुसऱ्या दिवशी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी आरंभ केल्यास वेरूळ बंद असते. सोमवारी आरंभ मात्र चालतो. तेव्हा तारीख ठरविण्यापूर्वी दिशा ठरविणे आवश्यक आहे.

(आ) वेळ. लेणी सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० या वेळेत खुली असतात. टी-जंक्शनवर उतरणे, शुल्क भरणे, बसची रांग, ४ किलोमीटरचा प्रवास, लेण्यांचे तिकीट आणि पायऱ्यांची चढण या गोष्टींना मोठ्या गटाच्या बाबतीत एक तास सहज लागतो. परतताना पुन्हा रांग लागते आणि दुपारनंतर ती वाढते. लेणी पाहण्यासाठी किमान ३ ते ४ तास हवेत. म्हणजे फर्दापूरचा फेरपालट सकाळी ९ पूर्वी सुरू झाला तरच दुपारी प्रस्थान शक्य होते. अकरा वाजता पोहोचून दोन वाजता निघण्याचे नियोजन कागदावर शक्य दिसते, परंतु त्यात विद्यार्थ्यांना दोन-तीन लेण्यांपलीकडे काही पाहता येत नाही.

(इ) मोजणी. जहाजावरील यादी, ओळखपत्र आणि शिरगणती यांचे महत्त्व वर सांगितले आहे. फर्दापूर येथे एका खासगी बसमधील विद्यार्थी दोन-तीन परिवहन बसमध्ये विभागले जातात. गट फुटण्याची शक्यता येथेच सर्वाधिक असते. यादीच्या दोन प्रती, प्रत्येक बसमध्ये एक जबाबदार शिक्षक आणि लेण्यांच्या तिकीटघराजवळ पुन्हा मोजणी, एवढी व्यवस्था पुरेशी होते. परतीच्या वेळी टी-जंक्शनवर मोजणी न करता गाडी सुरू करू नये.

(ई) सामान. स्वतंत्र बसने आलेल्या गटाचे सामान गाडीत राहते. परंतु जळगावला रेल्वेने येऊन पुढे परिवहन बसने प्रवास करणाऱ्या लहान गटांची स्थिती संक्रमण प्रवाशासारखी असते. त्यांची पहिली सफर संपलेली असते, दुसरी सुरू झालेली नसते आणि सामान हातात असते. सामान ठेवण्याची सोय आधी विचारून घेणे, किंवा फर्दापूर येथे खोली घेऊन सामान तेथे ठेवणे, हे दोन मार्ग आहेत. पाठीवर ओझे घेऊन पायऱ्या चढणे व गर्दीच्या गुहेत शिरणे हे प्रवाशाला त्रासदायक आणि भिंतींना धोक्याचे आहे.

(उ) लेण्यांमधील शिस्त. चित्रे असलेल्या प्रमुख लेण्यांत एका वेळी मर्यादित लोकांनाच प्रवेश मिळतो. पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि फ्लॅशचा वापर करता येत नाही. आतील प्रकाश मंद ठेवलेला असल्याने डोळे सरावण्यास काही मिनिटे लागतात. हा अवधी न देता विद्यार्थी बाहेर पडतात आणि ‘काही दिसले नाही’ असे म्हणतात. लेणे क्रमांक १, २, १६ व १७ ही चित्रांसाठी, ९ व १० ही प्राचीन चैत्यगृहांसाठी आणि २६ हे महापरिनिर्वाणाच्या शिल्पासाठी आवर्जून पाहण्यासारखी आहेत. रांगेचा वेळ वाया जाऊ नये यासाठी बसमध्येच या लेण्यांची माहिती द्यावी आणि आत मौन पाळावे.

(ऊ) ऋतू. उन्हाळ्यात काळा खडक तापतो आणि दुपारी चालणे कठीण होते. पावसाळ्यात दरीतील धबधबा पाहण्यासारखा असतो, परंतु पायऱ्या निसरड्या होतात व गुहांतील दमटपणा वाढतो. हिवाळा अनुकूल असतो, परंतु सर्व सहली त्याच वेळी येतात. विद्यार्थ्यांना सोयीचा ऋतू आणि चित्रांना सोयीची गर्दी यांचा मेळ बसत नाही. हिवाळ्यात जावयाचे असल्यास आठवड्याच्या मधला वार निवडणे हा त्यावरील व्यवहार्य तोडगा आहे.

६. फेरपालटाचा भार व लाभ

फेरपालटाच्या बंदराविषयी एक आर्थिक प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रवासी शहरातून केवळ ये-जा करतात की तेथे काही काळ राहतात? उतरणारा प्रवासी थेट विमानतळावर गेला आणि चढणारा थेट धक्क्यावर आला, तर बंदराच्या शहराला गर्दी तेवढी मिळते. तो आदल्या दिवशी आला किंवा नंतर एक दिवस थांबला, तर मात्र निवास, भोजन, वाहतूक व बाजार यांना लाभ होतो. म्हणून जगभरातील बंदरे सफरीच्या आधीच्या किंवा नंतरच्या एका रात्रीसाठी प्रयत्न करतात.

फर्दापूरपुढेही हाच प्रश्न आहे. टी-जंक्शनजवळील बाजारसंकुलात खाद्यपदार्थ, पुस्तके, हस्तकलेच्या वस्तू आणि दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत आढळणारे स्फटिक विकले जातात. लेण्यांच्या पायथ्याशी व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्यांना संवर्धनासाठी आपली जागा सोडून येथे यावे लागले. त्यांच्या ग्राहकाजवळ आता बसच्या रांगेपूर्वीची व नंतरची काही मिनिटे असतात. विक्रेत्यांच्या आग्रहाविषयी पर्यटक तक्रार करतात. परंतु ज्याच्या हाती दिवसाच्या विक्रीसाठी प्रत्येक गटाची पाच-दहा मिनिटेच आहेत, त्याच्या आग्रहामागील कारणही समजून घेतले पाहिजे. राज्य पर्यटन विकास महामंडळाची निवासव्यवस्था फर्दापूर येथे आहे. तथापि बहुसंख्य पर्यटक त्याच दिवशी पुढे निघून जातात.

पर्यटकांना फर्दापूर येथे अधिक काळ थांबविण्याचा एक प्रयत्न झाला. २०१३ साली येथे अजिंठा अभ्यागत केंद्र सुरू झाले. प्रमुख चित्रलेण्यांच्या प्रतिकृती तेथे उभारण्यात आल्या. मूळ लेण्यांवरील गर्दीचा भार कमी व्हावा आणि अभ्यासकाला प्रतिकृतीसमोर निवांत उभे राहता यावे, ही कल्पना मुळात योग्य होती. पुढे हे केंद्र काही वर्षे बंद राहिले. वास्तू उभारणे आणि ती चालविणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, हे या उदाहरणावरून दिसून येते.

नजीकच्या भविष्यात या सांध्याचे स्वरूप पुन्हा बदलण्याची शक्यता आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना ते जळगाव या १७४ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. अजिंठा परिसर रेल्वेने जोडला जाणे हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक भाग आहे. रेल्वे आल्यावर येणाऱ्यांची संख्या वाढेल. त्या वेळी फर्दापूर हे केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण राहील की मुक्कामाचे, याचा निर्णय आजच्या नियोजनावर अवलंबून आहे. लेण्यांच्या दृष्टीने पाहिल्यास मुक्काम अधिक हितावह आहे. एकाच दुपारी सर्वांनी दाटी करण्याऐवजी मुक्कामी प्रवासी सकाळच्या पहिल्या बसने जाऊ शकतात आणि गर्दी दिवसभरात विभागली जाते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, फेरपालटाचा दिवस हा प्रवासातील स्वतंत्र घटक असून त्याचे नियोजन आगमन-प्रस्थानाच्या वेळांपुरते मर्यादित ठेवता येत नाही. दोन, फर्दापूर हे मुघल काळातील सराईपासून आजच्या टी-जंक्शनपर्यंत सातत्याने फेरपालटाचे ठिकाण राहिले आहे. पूर्वी या फेरपालटात मुक्कामाचा समावेश होता, आज तो बहुतांशी वगळला गेला आहे. तीन, टी-जंक्शनवरील वाहनबदल ही प्रशासकीय अडवणूक नसून पुन्हा निर्माण न होऊ शकणाऱ्या चित्रांच्या रक्षणाची पहिली पायरी आहे. चार, सहलीची दिशा व वार यांचा एकत्रित विचार न केल्यास अजिंठा व वेरूळ ही दोन्ही स्थळे बंद मिळण्याचा धोका असतो.

शैक्षणिक सहलीचा हेतू विद्यार्थ्यांना स्थळ दाखविण्यापुरता नसतो. ते स्थळ कसे टिकले आहे आणि ते टिकविण्यासाठी कोणी काय सोडले आहे, हेही त्यांना समजले पाहिजे. टी-जंक्शनवर रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला रांगेचे कारण सांगितले, तर पुढे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहताना त्याला भिंतीपासून दोन हात दूर राहण्यास वेगळे सांगावे लागणार नाही. शक्य असल्यास सहलीच्या कार्यक्रमात फर्दापूर येथील एका रात्रीचा समावेश करावा. वेळ व खर्च यांत थोडी वाढ होईल, परंतु सकाळच्या शांत वेळी लेणी पाहता येतील आणि ज्या गावाच्या वाट्याला आजवर केवळ धावपळ आली त्या गावाला प्रवाशांचा काही सहवासही लाभेल.